डाव्या गाठीची मुडी

माझ्या थोरल्या दिरांनी उभ्या जन्मात विश्वास ठेवला तो फक्त गाठीवर, आणि तीही त्यांनी स्वतःच्या हातानं मारलेली असेल तरच. बाकी देव, सरकार, रेल्वे, सख्खा भाऊ आणि डॉक्टर या सगळ्यांकडे ते एकाच नजरेनं बघायचे. डावा डोळा बारीक, मान जराशी तिरकी, आणि ओठ असे आवळलेले की आतला शब्द चुकून निसटून कुणाच्या हाती लागू नये. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी ही नजर पहिल्यांदा माझ्यावर पडली. मी पाया पडायला वाकले, तर आशीर्वाद राहिला बाजूला. म्हणाले, "ऊठ ऊठ. खाली काय शोधालीस?"

रामनगरच्या बाजारापासून थोडं आत, रान सुरू होतं तिथं आमचं घर. सासऱ्यांच्या वेळी खानापूरकडून आलेली माणसं आम्ही. दोघा भावांच्या चुली वेगळ्या, पण अंगण एक, खळं एक आणि संशयसुद्धा एकच, कारण थोरल्यांचा सगळ्या घराला पुरून उरायचा. त्यांना मी भावजी म्हणायची, त्यांच्या बायकोला अक्का. अक्का नंदिगड्ड्याची, गरीब स्वभावाची. तिनं चहा पुढे केला की भावजी आधी कपाकडे बघायचे, मग तिच्याकडे, मग पुन्हा कपाकडे. "आज लौकर केलास?" एवढंच विचारायचे. पण ते असं, की अक्काला वाटावं आपण खरंच काहीतरी केलंय.

बसमध्ये ते कायम शेवटच्या बाकावर बसायचे, पाठीमागं कुणी नको म्हणून. हाडं खिळखिळी व्हायची पण जागा सोडायचे नाहीत. एकदा बहिणीकडे कॅसलरॉकला गेले होते. परतीच्या गाडीला उभे राहिले तर गाडी चक्क वेळेवर आली. झालं! भावजी चढलेच नाहीत. "आजच कशी काय वेळेवर आली? काय तरी भानगड हाय," असं म्हणत फलाटावर बसून राहिले आणि दुसरी गाडी नेहमीसारखी रखडत आली तेव्हा समाधानानं चढले. भाताच्या कोठीच्या उंबऱ्यावर ते रोज चुलीतली राख पसरून ठेवायचे, चोराची पावलं उमटावीत म्हणून. एके सकाळी पावलं उमटलेली सापडली. घर डोक्यावर घेतलं. आमच्या ह्यांनी त्यांचाच पाय धरून त्या पावलावर टेकवला, तर तंतोतंत बसला. भावजींनी पायाकडे बघितलं, राखेकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे माझ्याच मापाचा पाय असलेला कोण तरी गावात हाय." पुढे आठवडाभर ते लोकांच्या पायांकडे बघत हिंडले.

पण मुडी बांधावी ती भावजींनीच. आमच्याकडे बियाणाचं भात पोत्यात ठेवत नाहीत. भाताच्याच पेंढ्याचं गोल घरटं करायचं, त्यात कडक वाळवलेलं बी ओतायचं, आणि वरून पेंढ्याच्या दोरीनं आवळत आवळत नारळासारखं गच्च करायचं. ती मुडी. चुलीच्या वर टांगली की खालचा धूर आणि ऊब लागून बी कोरडं राहतं, कीड लागत नाही, आणि पेरणीपर्यंत जसंच्या तसं जागं राहतं. भावजींची मुडी अंगणात फेकली तर उडायची, फुटायची नाही. तिची शेवटची गाठ ते आमच्याकडे पाठ करून मारायचे. ती डावी गाठ. कुणी सोडून पुन्हा बांधली तर त्यांना लगेच कळायचं, कारण तशी गाठ मारणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. पोराबाळांना नाही शिकवली, भावाला नाही, बायकोला तर नाहीच.

अशा माणसाला साखरेचा रोग व्हावा, म्हणजे बघा. सुरुवात मुंग्यांपासून झाली. परसात ज्या माडाच्या बुडाशी ते लघवीला बसायचे तिथं मुंग्या लागायला लागल्या. भावजींनी ओळखलं, कुणीतरी गूळ सांडतंय. अक्कावर आळ आला, मग माझ्यावर, मग शेजारणीवर. इकडे तहान वाढलेली, अंग उतरलेलं, लुंगीला वेढे जास्त पडायला लागलेले. शेवटी आमच्या ह्यांनी त्यांना ओढत रामनगरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर धारवाडकडचे, तरुण, घरात कानडी बोलणारे. मराठी आमच्यात राहून शिकलेले. त्यांनी सांगितलं, उद्या सकाळची लघवी बाटलीतून आणा. आता ऐका भावजींनी काय केलं. आमच्या ह्यांनाही पोटाची तक्रार होती, म्हणून दोघांच्या बाटल्या जायच्या होत्या. भावजींनी वाटेत अदलाबदल केली. भावाची म्हणून स्वतःची दिली, आणि स्वतःची म्हणून भावाची. डॉक्टरची परीक्षा! डॉक्टरांनी निळ्या औषधात घालून उकळलं. एक नळी निळीच राहिली, दुसरी विटेसारखी लाल झाली. संध्याकाळी निरोप आला, "धाकट्यांना ताबडतोब पाठवा, साखर फार आहे." आमचे हे खळ्यावर. मी चुलीपुढं बसून अशी रडले, अशी रडले, की भात करपला तरी उठले नाही. भावजी दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ नुसते बघत. मग म्हणाले, "रडू नको धाकले. ती बाटली माझी हाय."

मी डोळे पुसले आणि करपलेलं भांडं खाली उतरवलं.

"म्हंजे डॉक्टर खोटं बोलत न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "आता औषधवाला तेवढा बघायचा ऱ्हायला."

गोळ्या झाल्या, पथ्य झालं, साखर काही हटेना. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन टोचून घ्यायला पाहिजे. त्या दिवशी मी अक्काबरोबर दवाखान्यात होते, म्हणून ती उलटतपासणी सगळी कानांनी ऐकलेली आहे.

"काका री, हे तुमच्या शरीरातच तयार होत होतं. आता कमी पडालंय."

"शरीरात कुठं?"

"जठराच्या मागं. स्वादुपिंडात."

"मागं? मागं कशाला?"

डॉक्टरांनी मान हलवली. "तिथं बारीक बारीक पेशी असतात. त्या तयार करतात आणि साठवून ठेवतात."

साठवून हा शब्द ऐकला आणि भावजी बाकावर ताठ झाले. "साठवून? कशात? राखणीला कोण असतंय?"

दुसरा डॉक्टर असता तर उठून गेला असता. पण ह्या माणसाला सांगायची हौस होती, आणि त्याच्या आजोळी मलनाडात चुलीवर मुड्या टांगलेल्या त्यानं लहानपणी बघितल्या होत्या. तो खुलला. "असं समजा काका, प्रत्येक पेशी म्हणजे एक घर. त्या घरात इन्सुलिन आधी एका लांब धाग्यासारखं तयार होतं. त्याची घडी बसते, मग ते एका बारीकशा पिशवीत भरलं जातं. पिशवीतच कात्रीवाले हात असतात. ते मधला जास्तीचा तुकडा कापून वेगळा काढतात. मग जस्त येतं, आणि दाणे एकमेकांना घट्ट धरून बसतात. खडा होतो. अगदी तुमच्या मुडीसारखं री, गच्च! अशा हजारो मुड्या घराच्या आत, काही भिंतीला लागून, तयार होऊन बसलेल्या असतात."

"आनि सोडतंय कोण?"

"तुम्ही जेवलात की रक्तात साखर वाढते. घराला ते कळतं. मग कॅल्शियम आत शिरतं. म्हणजे आपल्या पानातला चुना, त्याच जातीचं. चुना आत आला की मुडी भिंतीला चिकटते, तिथंच तिचं तोंड उघडतं आणि आतलं रक्तात सांडतं."

भावजींनी आपल्या पानाच्या चंचीवर हात ठेवला, जणू आतला चुनाही कटात सामील होता. "आनि रिकामी मुडी?"

"तिचं कातडं परत आत ओढून घेतात. पुन्हा वापरतात."

"हां." एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं समाधान झालं. मग डोळा पुन्हा बारीक. "आधी जुनी सोडतंय का नवी?"

डॉक्टर अडखळला. "बहुतेक नवीच आधी. जुनी फार दिवस पडून राहिली, तर घरच तिला आतल्या आत मोडून खाऊन टाकतं."

"काय?" भावजी उठून उभेच राहिले. "जुनं आधी काढायचं की! एवढी पन अक्कल न्हाई? बियानं खातंय व्हय कोन?"

"अय्यो काका, मी नाही केलं ते!"

"मग माझ्या मुड्या गेल्या कुठं?"

"काही घरं थकली. काही बंद पडली."

"थकली न्हाईत," भावजी अक्काकडे बघत म्हणाले. "कुनी तरी नेल्या."

शेवटी डॉक्टरांनी बाटली दिली, टोचायला शिकवलं, आणि बजावलं की ती थंड जागी ठेवा. बाजारातल्या सोडावाल्याकडे फ्रीज आहे तिथं, नाहीतर घरी ओल्या वाळूच्या मडक्यात. भावजींनी मान डोलावली. आम्हाला तिथंच कळायला पाहिजे होतं. हा माणूस जन्मात कुणापुढं मान डोलावत नव्हता.

घरी आल्यावर बाटली अदृश्य झाली. सोडावाल्याकडे नाही, मडक्यात नाही. भावजी सकाळी दार लावून घ्यायचे, सुई स्वतः उकळायचे, स्वतः टोचायचे आणि बाहेर येऊन आमच्या तोंडांकडे बघायचे, कुणाला काही कळलंय का म्हणून. आणि साखर उतरायच्या ऐवजी चढत गेली. मग संशयाची अशी साथ आली की विचारू नका. डॉक्टरांना वाटलं, काका चोरून गूळ खातात. भावजींना वाटलं, डॉक्टर बाटलीत पाणी भरून देतो. अक्काला वाटलं, कुणाची तरी नजर लागली. मला वाटलं, अक्काच मायेपोटी चहात साखर घालते. मी दोनचारदा तिच्या कपात बोट बुडवून चाटूनसुद्धा बघितलं. एका अंगणात राहणारी माणसं आम्ही, पण पाण्याचा तांब्या उचलतानाही एकमेकींकडे तिरक्या मानेनं बघायला लागलो. भावजी मात्र खुशीत दिसायचे. सगळं घर त्यांच्यासारखं झालं होतं ना!

तेवढ्यात त्यांच्या पायाला बांबूची शिलक, म्हणजे धारदार कपची, लागली. एरवी हळद दाबली की दोन दिवसांत मिटायची जखम. ही मिटेना. अंगठा सुजला, कडेनं काळा पडत चालला. डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचं हसणं बंद झालं. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "साखर उतरली नाही तर बेळगावला न्यावं लागेल. अंगठा जाईल. थांबलो तर पाऊल जाईल." भावजींना ते ऐकू गेलंच, त्यांना सगळंच ऐकू जायचं. रात्रंदिवस बांधांवर फिरून दुसऱ्यांची गुरं, दुसऱ्यांचं पाणी आणि दुसऱ्यांची नियत तपासणारा तो माणूस. पाय गेला तर त्यानं काय करायचं? त्या दिवशी पहिल्यांदा ते कुणाकडेच बघत नव्हते, आपल्या पायाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मोटारसायकल घेऊन घरीच आले. भावजी चुलीपाशी भिंतीला टेकून बसले होते तिथं आत येऊन म्हणाले, "काका, बाटली दाखवा."

भावजींनी डॉक्टरांच्या हातांकडे बघितलं.

"मी पळवून नेणार आहे काय ती? नुसती बघतो री."

अक्का रडायला लागली. आमचे हे चिडले. "आता पाय जाणार हाय आनि अजून तुझं लपवालपवी! सांग की कुठं ठेवलाईस!"

भावजींनी एकेकाकडे बघितलं. मग म्हणाले, "सगळी भाईर जावा." आम्ही निघालो, तर मागून आवाज आला, "धाकले, तू थांब."

मी उंबऱ्यात थांबले. त्यांना उभं राहता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसल्या जागेवरून त्यांनी चुलीच्या वर बोट दाखवलं. "स्टुलावर चढ. उजवीकडं कोपऱ्यात धाकटी मुडी हाय, ती काढ."

मी काढली. धुरानं काळी झालेली, हाताला ऊन लागणारी. खाली बसून गाठ ओढायला गेले तर ती आणखीनच आवळली.

"ओढू नको. उजव्या हातानं ओढलीस तर मरंस्तोवर सुटायची न्हाई. डाव्यानं ढिल दे. आता ती वरची दोरी आत ढकल. भाईर न्हवं गे, आत!"

मी आत ढकलली, आणि ती गाठ आपसूक उमलल्यासारखी सुटली. बियाच्या मधोमध ती बाटली होती. नुकत्या घातलेल्या अंड्यासारखी ऊबदार. आत दूध नासावं तसे पांढरे कण, काचेला चिकटलेले.

"बघ," भावजी हळूच म्हणाले, आणि पाय एवढा सुजलेला असूनही त्यांच्या आवाजात अभिमान होता. "कसे दाने धरल्यात. डॉक्टर म्हनला तसं."

बाटली पुन्हा बियात ठेवत मी विचारलं, "भावजी, अक्काला न्हाई सांगितलासा, भावाला न्हाई. मला कशापायी?"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "तुला म्हाईत नव्हतं ती लघवीची बाटली कुनाची हाय ते. तरी भात करपवलास. तुझं रडं मी तपासल्यालं हाय."

बाहेर जाऊन मी ती मुडी डॉक्टरांपुढं ठेवली. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मीच सांगितली री ही मुडी. माझ्याच जिभेनं."

आतून भावजी गरजले, "थंडात ठेवा म्हनतोस! माझं अंग काय थंड हाय व्हय? अंग तर गरमच. आत गरमात टिकतंय, मग भाईर गारव्यात कशाला? म्हंजे खराब व्हावं, आनि मी पुन्ना तुझ्या दारात यावं!"

खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, बोलणं बिनतोड आहे. डॉक्टर मुडीतलं मूठभर बी घेऊन आत गेले आणि भावजींच्या मांडीवर ठेवलं. "काका, हे भात भिजवून मुडीत बांधाल काय?"

"कुजंल की! खुळा हायस काय?"

"शरीरातल्या मुडीत गच्च खडे असतात. ह्या बाटलीत तेच औषध पाण्यात भिजवलेलं आहे. भिजवलेलं बी तुम्ही चुलीवर टांगलात. आणि शरीर रोज नवं करतं, जुनं मोडतं. तुमची बाटली नवं कुठून करणार?"

भावजी त्या दाण्यांकडे बघत बसले. दाणे या हातातून त्या हातात घेतले, एक दातानं फोडून बघितला. शेवटी म्हणाले, "हे आधी सांगायला तुझं तोंड धरलं व्हतं कुनी?" आणि हात पुढे केला. नव्या बाटलीसाठी.

पाय वाचला. अंगठ्याचं नख गेलं ते परत नीट आलं नाही, आणि भावजी जन्मभर म्हणत राहिले की ते डॉक्टरनं ठेवून घेतलं. सोडावाल्याच्या फ्रीजवर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच. बाटली आली माझ्या न्हाणीच्या कोपऱ्यात, ओल्या वाळूच्या मडक्यात, वर फडकं, आणि फडक्यावर दोरीची डावी गाठ. ती भावजींनीच मला शिकवली; मारायची मी. रोज सकाळी भावजी लंगडत यायचे, खाली वाकायचे, गाठ नाकाला लागेल इतक्या जवळून बघायचे.

"काल कुनी हात लावला?"

"न्हाई भावजी."

"बघू." मग बोटानं दाबून, चाचपून, चुचकारून बघायचे. "हं. सोड."

किती वर्षं हे चाललं! रामनगरात घराघरांत फ्रीज आले, डॉक्टर बदलीवर गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. भावजींनी त्यांच्याकडेही अदलाबदल केलेल्या बाटल्या नेल्याच. अक्का गेली. त्यानंतर ते जास्त बोलेनासे झाले, पण गाठ बघायचं कधी चुकलं नाही. एखाद्या दिवशी मी घाईत जरा ढिली मारली तर दिवसभर पुटपुटायचे, आणि मला ते ऐकून घर कसं जागच्या जागी आहे असं वाटायचं.

मग थंडीतली एक सकाळ. भावजी आले. उंबऱ्यावर हात टेकून उभे राहिले. मी मडक्यापाशी बसून वाट बघतेय, आता वाकतील, आता विचारतील. त्यांनी नुसता हात पुढे केला.

"दे."

"भावजी," मी म्हणाले, "गाठ बघितली न्हाईसा."

"तू मारलीस न्हवं?"

"व्हय."

"मग बघायचं काय त्यात."

डोळे दोन्ही सारखेच उघडे होते. मान सरळ. मी गाठ सोडली. बाटली त्यांच्या हातात दिली आणि ते पाठमोरे वळून अंगण ओलांडेपर्यंत तिथंच बसून राहिले. मग ते फडकं उचललं, आणि त्यांच्यासारखंच नाकाजवळ धरून, सोडलेल्या दोरीवर उमटलेला त्या गाठीचा वळसा बघितला. डावाच होता. कुणीही हात लावलेला नव्हता.